दुहेरीकरणात गावाची पाऊलवाट अडणार: भुयारी मार्ग मागावा की पादचारी पूल?

शिवार_८ (प्रश्न)

पुणे–मिरज मार्गालगतचं गाव. वस्ती रुळाच्या पूर्वेला. माध्यमिक शाळा, डेअरी आणि निम्मं शिवार पश्चिमेला. मधली जुनी पाऊलवाट थेट रुळावरून जाते. तिथे फाटक नाही, कधी नव्हतंच. जवळचं फाटक उत्तरेला १.४ किमीवर. दुहेरीकरणाचा भराव आता आमच्या शिवेपर्यंत आलाय. काम झालं की दोन्ही अंगांना कुंपण पडणार, असं ठेकेदाराची माणसं सांगतात.

मोजून घेतलेलं असं: रुळाचा माथा आजूबाजूच्या जमिनीपासून ३.२ मीटर वर. उत्तरेला ३०० मीटरवर वळण. दक्षिणेला १८० मीटरवर ओढ्याची मोरी, दोन गाळे, प्रत्येकी ३ मीटर रुंद, आतली उंची २.२ मीटर. रोज साठेक विद्यार्थी, शिवाय शेतावर जाणारे, सायकली, म्हशी. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर फाटकावरूनच जातात, त्यांची अडचण नाही.

ग्रामपंचायतीत तीन मतं आहेत. कुणाला पादचारी पूल हवा, कुणाला भुयारी मार्ग, तर कुणी म्हणतं नुसतं चक्री गेट मिळालं तरी पुरे. नेमकं काय मागावं, कुणाकडे आणि कोणत्या कागदांसह?

---

खडी_आणि_स्लीपर

चक्री गेटाचा विषय आधी मिटवू. रेल्वेच्या फाटकांत स्पेशल, ए, बी, सी आणि डी असे वर्ग आहेत. त्यातला डी वर्ग गुराढोरांच्या आणि पायी वाटांसाठीच आहे. पण असलेली फाटकं कमी करायची हे धोरण असताना रुळाच्या पातळीवर नवीन वाट कुणी देणार नाही. ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत संपवली, ती परत उघडायला कोण सही करेल? शिवाय फाटकाची वर्दळ 'टीव्हीयू'त मोजतात, म्हणजे गाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांची संख्या. मोटार आणि बैलगाडी एक, रिक्षा अर्धी. पायी माणूस शून्य. तुमचे साठ विद्यार्थी त्या हिशेबात कुठेच दिसत नाहीत.

आता पूल की भुयार. हे मतदानाने ठरवायचं काम नाही, भरावाची उंचीच ते ठरवते.

पादचारी पुलाचा तळ रुळाच्या माथ्यापासून साधारण साडेसहा मीटर वर लागतो, कारण खाली २५ हजार व्होल्टची तार आहे. वर तुळई आणि फरशी धरा, चालायची पातळी ७.२ मीटरवर जाते. तुमचा रूळच जमिनीपासून ३.२ मीटर वर. म्हणजे जमिनीपासून १०.४ मीटर चढायचं. १५ सेंमीची पायरी धरली तर ६९ पायऱ्या चढा आणि तितक्याच पलीकडे उतरा. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन हे कोण करणार? म्हशीचा प्रश्न तर निकालातच निघाला. १:१२ चा उतार मागितलात तर नुसता उतार १२५ मीटर, आणि दर ९ मीटरला दीड मीटरचा सपाट टप्पा धरला की एका बाजूला १४० मीटरच्या पुढे.

भुयारी मार्गाचं गणित उलटं. भुयार म्हणजे भरावाखाली घातलेली चौकोनी काँक्रीटची पेटी. रूळ १७ सेंमी, स्लीपर २१, खाली खडी ३५, पेटीचा वरचा स्लॅब ३५ सेंमीच्या आसपास. सगळं मिळून १.१ मीटर. आत २.७५ मीटर मोकळी उंची ठेवली तर फरशी रुळाच्या माथ्याखाली ३.८५ मीटरवर, म्हणजे तुमच्या जमिनीखाली जेमतेम ६५ सेंमी. १:२० चा सौम्य उतार दिला तरी १३ मीटरात सायकल आत.

रूळ खोदाईतून, खिंडीतून जात असता तर मी पूलच मागा म्हटलं असतं. पाच मीटर खोल खोदाई असेल तर काठावरून पुलावर चढायला दोन-सव्वादोन मीटरच उरतात. कोकण रेल्वेवर बऱ्याच वाड्यांची स्थिती तशी आहे. तुमच्याकडे भराव आहे, म्हणून पेटीचा भुयारी मार्ग. ३ मीटर रुंद, २.७५ मीटर उंच. यापेक्षा मोठं मागू नका, नाहीतर 'वाहनं जाणार' म्हणून प्रकरण रस्त्याच्या भुयारात जाईल आणि तिथे टीव्हीयू विचारतील.

---

शिवार_८

धन्यवाद. मग मोरीचाच एक गाळा वापरायला मागितला तर? बरेच जण उन्हाळ्यात तिथूनच जातात.

---

खडी_आणि_स्लीपर

विचार बरोबर आहे, मात्र त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. मोरीच्या भिंतीवर पुलाचा क्रमांक आणि महत्तम पूरपातळीची रेघ रंगवलेली असते. ती रेघ तळापासून किती उंच आहे ते बघा. मीटरभर असेल तर पावसाळ्यात शाळेच्या वेळेला वाट बंद, हे गृहीत धरा. 'एका गाळ्यात भर घालून उंच फरशी करू' असं हमखास कुणीतरी सुचवतं. ते मंजूर होत नाही आणि होऊही नये, कारण त्याने पाण्याची वाट निम्मी होते. मग पाणी भरावाला तटतं आणि खडीखालची माती सोबत घेऊन जातं. तळाच्या पातळीला दगडी फरसबंदी एवढंच मागता येतं.

पण मोरीजवळची जागा दुसऱ्या कारणाने मोलाची आहे. नव्या मार्गासाठी ही मोरी लांबवावीच लागणार. खोदाई, काँक्रीट, माणसं, यंत्रं सगळं तिथे येणारच आहे. शेजारी १०-१५ मीटर सोडून एक कोरडी पेटी त्याच कामात घालणं सोपं जातं, आणि पेटीतलं पाणी ओढ्यात सोडायला उतारही आयता मिळतो. माणसांना १८० मीटर बाजूला जावं लागेल, पण १.४ किमीवरच्या फाटकापर्यंत जाऊन परत येण्यात २.८ किमी म्हणजे पस्तीसेक मिनिटं जातात. त्यापुढे हे काहीच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: आत्ता मागा. नवीन भराव पूर्ण व्हायच्या आधी नव्या मार्गाखालची पेटी उघड्यावर ओतता येते, गाडीचा संबंध येत नाही. नवा मार्ग सुरू झाला की वाहतूक तिकडे वळवून जुन्या मार्गाखालचा तुकडा जोडता येतो. दोन्ही मार्ग चालू झाल्यावर तेच काम करायचं तर एकतर जॅकने पेटी भरावात ढकलायची, किंवा रुळाखाली तात्पुरत्या तुळया घालून गाड्या ताशी २० किमीने काढायच्या, किंवा काही तासांचा ब्लॉक घेऊन क्रेनने तयार पेट्या बसवायच्या. खर्च कैक पटींनी वाढतो. वर ब्लॉक कुणी द्यायचा यावर फाइल अडून बसते ती वेगळीच.

---

सातबारा_बारासात

कागदांचं मी सांगतो.

भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत घ्या. पायमार्ग नकाशात एकेरी तुटक रेषेने दाखवतात, गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने. तुमची रेषा रुळाच्या दोन्ही बाजूंना येऊन भिडते का आणि समोरासमोर जुळते का, ते तपासा. जुळत असेल तर तो तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा, अर्जाला पहिला कागद तोच लावा. नुसत्या 'पूर्वापार वहिवाट आहे' या वाक्याला रेल्वेच्या कार्यालयात वजन नाही.

दुसरं, दुहेरीकरणासाठी गावातली जमीन संपादित झाली असेल तर निवाड्याची प्रत काढा. जमिनीचे दोन तुकडे पडल्याबद्दल, म्हणजे विभाजनाबद्दल, वेगळी भरपाई दिली आहे का ते वाचा. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६ नुसार रुळामुळे जमिनीच्या वापरात खंड पडत असेल तर ओलांडमार्ग, मोऱ्या, वाटा करून देणं रेल्वेवर बंधनकारक आहे. पण त्याच कलमात दोन पळवाटा आहेत. मार्ग वाहतुकीला प्रथम खुला झाल्यापासून दहा वर्षं उलटली की नवी जादा कामं करण्याचं बंधन नाही, आणि 'वाट नको, त्याबदली भरपाई घेतो' असं झालं असेल तरीही नाही. तुमचा मूळ मार्ग जुना, त्यामुळे दहा वर्षांचा मुद्दा ते काढणारच. तुम्ही नव्या संपादनावर बोट ठेवा. निवाड्यात विभाजनाचा मोबदला नसेल तर तसं अर्जात स्पष्ट लिहा.

तेही नाही मानलं तर कलम १७. राज्य शासन किंवा स्थानिक संस्था स्वतःच्या खर्चाने असं काम मागू शकते, त्याला वर्षांची मर्यादा नाही. याला बोलीत 'डिपॉझिट वर्क' म्हणतात. पैसे आधी भरायचे, काम रेल्वे करते.

तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली रस्ता खुला करून मागावा, असा सल्ला कुणीतरी देईल. शेजाऱ्याने बांध घालून वाट अडवली तर तो उपाय चांगला आहे. रेल्वेच्या हद्दीतला रूळ तहसीलदार खुला करून देणार नाहीत. मात्र भुयारापर्यंत जाणारी दोन्हीकडची वाट खासगी गटांतून जात असेल तर तिचा प्रश्न त्याच कार्यालयात सुटतो. तो आधीच सोडवून घ्या. पेटी बांधून तयार, आणि तोंडाशी उसाचा फड, असं व्हायला नको.

(नव्या मार्गांवरच्या गावांनी, म्हणजे अहिल्यानगर–बीड–परळी किंवा वर्धा–यवतमाळ–नांदेड, दहा वर्षांची ही अट नीट वाचावी. त्यांच्याकडे वेळ आहे, पण अमर्याद नाही.)

---

टॉवरवॅगन

तोवर लोक रुळावरून जाणारच आहेत, त्यासाठी थोडं.

बाहेरच्या रुळापासून २ मीटर आधी थांबायचं, पलीकडच्या रुळानंतर २ मीटर गेलं की सुटलो, असं धरा. रुळांमधली रुंदी १.६७६, दोन मार्गांच्या मध्यांत ५.३ मीटर. एकूण ११ मीटर. खडीवरून माणूस सेकंदाला फार तर मीटरभर चालतो, म्हणजे ११ सेकंद. ताशी ११० किमीची गाडी तेवढ्यात ३३५ मीटर कापते. वळण ३०० मीटरवर आहे, म्हणजे तिकडून गाडी दिसली तेव्हा पाय टाकला असेल तर हिशेब आधीच चुकलेला. डोक्यावर भारा असेल तर १६ सेकंद आणि जवळजवळ ४९० मीटर. चालकाने आणीबाणीचा ब्रेक लावला तरी गाडी थांबायला किलोमीटरच्या घरात अंतर लागतं, त्यामुळे 'तो थांबवेल' हा पर्यायच नाही.

एक मार्ग असताना लोकांना सवय असते: गाडी गेली की निघायचं. दुहेरी झाल्यावर हीच सवय जीव घेते. गेलेल्या गाडीच्या शेपटीआडून दुसऱ्या मार्गावरची गाडी येते, आणि आवाज पहिलीचाच वाटतो. नवा मार्ग चालू व्हायच्या आधी शाळेत हे एकदा तरी सांगा. त्यात मोठी वस्तू लांबून येताना डोळ्याला खऱ्यापेक्षा हळू वाटते. लाइबोविट्झ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये हे खास रेल्वे फाटकांच्या संदर्भात मांडलं. मुंबईत वडाळ्याला काही स्लीपर पिवळे रंगवले होते ते यासाठीच, गाडी पिवळे पट्टे गिळत येताना दिसली की वेगाचा अंदाज येतो.

शेतकऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. तुषार सिंचनाचा पाइप ६ मीटरचा असतो आणि वरची तार रुळापासून साडेपाच मीटरवर. ॲल्युमिनियमचा पाइप खांद्यावर उभा-तिरका धरून रूळ ओलांडायचा नाही. तारेला स्पर्श व्हायचीही गरज नाही, २ मीटरच्या आत टोक गेलं तरी धोका. पाइप दोघांनी आडवा, कमरेच्या उंचीला धरून न्यायचा, आणि तोही फाटकावरून.

रुळावरून जाणं हा रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अपघात झाला तर प्रवाशांना मिळते ती कलम १२४-अ ची भरपाई अशा माणसाच्या घरच्यांना मिळत नाही.

---

लीड्सकर

इंग्लंडमधल्या रेल्वेवरच्या पायवाटांबद्दल भारतातल्या अर्जांत हल्ली दाखले दिसतात, म्हणून लिहितो. इथे पाऊलवाट हा नोंदलेला सार्वजनिक हक्क असतो. रेल्वेला ती आपल्या मर्जीने बंद करता येत नाही. हायवेज ॲक्ट १९८० च्या कलम ११८-ए किंवा ११९-ए खाली स्थानिक प्राधिकरणाचा आदेश लागतो आणि लोकांच्या हरकती ऐकल्या जातात. रुळावर लाकडी किंवा रबरी फळ्या, दोन्हीकडे छोटं फाटक, 'थांबा, बघा, ऐका' अशी पाटी. दृश्यता मोजताना चालण्याचा वेग सेकंदाला १.१८९ मीटर धरतात, वृद्ध आणि मुलं जास्त असतील तर वेळेत निम्म्याने वाढ करतात. तेवढं दिसत नसेल तर गाडीने शिट्टी द्यायचा फलक किंवा लाल-हिरवे छोटे दिवे.

तरीही इथल्या रेल्वेला हे ओलांडमार्ग कमीच करायचे आहेत. डिसेंबर २००५ मध्ये एसेक्समधल्या एल्सनम स्टेशनच्या पादचारी ओलांडमार्गावर दोन शाळकरी मुली दुसऱ्या गाडीखाली गेल्या. टॉवरवॅगननी सांगितलेलीच गोष्ट. २०१२ मध्ये नेटवर्क रेलला दहा लाख पौंड दंड झाला. म्हणून अर्जात 'परदेशात रुळावरून वाट देतात' असं लिहू नका, समोरचा अधिकारी हेच उदाहरण उलटं टाकेल. घ्यायचीच असेल तर दृश्यतेच्या मोजणीची पद्धत घ्या. सध्याची वाट का धोकादायक आहे, हे तिने आकड्यांत दाखवता येतं.

---

ओलावा

भुयारी मार्गाला माझा विरोध नाही, पण अर्ध्या महाराष्ट्रात पावसाळ्यात या भुयारांची तळी होतात. काय बिघडतं ते आधी समजून घ्या, म्हणजे आराखडा आला की कुठे बघायचं ते कळेल.

पाणी तीन वाटांनी येतं. एक, उताराच्या तोंडातून शेतातलं आणि रस्त्यावरचं पाणी. त्यावर उपाय म्हणजे उतार सुरू व्हायच्या आधी ३० सेंमीचा उंचवटा, आणि त्याच्या बाहेर आडवी जाळीची गटार. हे नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. दोन, उघड्या उतारावर थेट पडणारा पाऊस. त्यावर पत्र्याचं छप्पर, नाहीतर निदान उताराच्या पायथ्याशी दुसरी जाळी. तीन, पेट्यांच्या सांध्यांतून आणि भिंतीमागून झिरपणारं पाणी. सांधे नीट भरलेले हवेत, भिंतीमागे खडीचा गाळणथर आणि भिंतीत पाझरछिद्रं हवीत. ही छिद्रं मातीने बुजतात, दर उन्हाळ्यात मोकळी करावी लागतात.

आत आलेलं पाणी बाहेर कसं जाणार हा खरा प्रश्न. फरशीला कडेच्या गटाराकडे उतार आणि गटार ओढ्यापर्यंत नैसर्गिक उताराने जाणारं, हे जमत असेल तरच ती जागा निवडा. नाहीतर खड्डा आणि पंप येतो. पंप आला की वीजबिल, चोरी आणि 'हे काम कुणाचं' हा वाद येतो, आणि तो शेवटी ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडतो. मोरीजवळची जागा मला म्हणूनच पटते. फक्त ओढ्याची पूरपातळी भुयाराच्या फरशीपेक्षा वर असेल तर ओढाच गटारातून आत येईल. तिथे मग बाहेर उघडणारी झडप लावावी लागेल, किंवा फरशी वर घ्यावी लागेल. २.७५ ऐवजी २.५ मीटर उंचीवर भागवलंत तर फरशी २५ सेंमी वर येते. माणसं, सायकली आणि म्हशी यांना तेवढी पुरते.

---

शिवार_८

मोरीवरची पूररेघ बघून आलो. तळापासून १.१ मीटर. तळ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड मीटर खाली आहे. म्हणजे पूरपातळी जमिनीखाली ४० सेंमी?

---

ओलावा

हो. २.५ मीटर उंचीची पेटी घेतली तर फरशी रुळाखाली ३.६ मीटर, म्हणजे जमिनीखाली ४० सेंमी. अगदी काठावर. स्लॅबची जाडी किंवा खडी थोडी जास्त निघाली तर फरशी पूररेषेखाली जाईल. झडप मागाच, ती खर्चाने किरकोळ आहे. आणि पूररेघ कोणत्या वर्षाची आहे तेही बघा, बहुधा शेजारी लिहिलेलं असतं. त्यानंतर ओढ्यावर बंधारा झाला असेल तर ती रेघ विसरा.

---

खडी_आणि_स्लीपर

अर्ज कुणाकडे, हे राहिलं. दुहेरीकरण मंडळ कार्यालय करत नाही. ते बांधकाम संघटनेचं काम, उपमुख्य अभियंता (बांधकाम) यांच्याकडे असतं. काही मार्गांवर रेल विकास निगमकडे. मंडळ रेल्वे व्यवस्थापकांना पत्र देऊन वर्षभर वाट बघणारी गावं इथेच फसतात. पत्र दोघांनाही, प्रत जिल्हाधिकारी आणि खासदारांना, आणि प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का.

जागा सांगताना 'पाटलांच्या मळ्याजवळ' असं लिहू नका. रुळालगतच्या विजेच्या खांबावर किलोमीटर आणि खांब असा क्रमांक रंगवलेला असतो. दोन खांबांचे क्रमांक आणि मोरीचा क्रमांक लिहा, म्हणजे अभियंत्याला नकाशावर जागा लगेच सापडते.

सोबत सलग सात दिवसांची मोजणी जोडा, सकाळी ६ ते रात्री ८, तासवार. विद्यार्थी, इतर माणसं, सायकली, जनावरं असे चार रकाने. फाटकावरची रेल्वेची गणनाही सात दिवसांची असते, त्यामुळे नमुना त्यांना ओळखीचा वाटतो. शाळेच्या सुट्टीत मोजू नका.

---

शिवार_८

ग्रामसभा पुढच्या आठवड्यात आहे. ठरावात काय शब्द घालू?

---

सातबारा_बारासात

असं काहीसं: 'मौजे अमुक येथील गाव नकाशात दर्शवलेला पायमार्ग दुहेरीकरणामुळे बंद होत असल्याने, मोरी क्र. अमुकलगत, किमी अमुक ते अमुक दरम्यान, केवळ पादचारी, सायकली व जनावरांसाठी ३ मी. × २.५ मी. मापाचा भुयारी मार्ग दुहेरीकरणाच्या चालू कामातच घेण्यात यावा. पोचमार्गाची जमीन, आतील दिवाबत्ती व साफसफाई यांची जबाबदारी ग्रामपंचायत स्वीकारत आहे.'

शेवटचं वाक्य गाळू नका. देखभाल कोण करणार हा पहिला आक्षेप असतो, आणि त्यावर उलटटपाली पत्र आलं की दोन महिने जातात. पण 'बांधकामाचा खर्च' असे शब्द चुकूनही घालू नका. ते घातले की तुम्ही कलम १६ सोडून स्वतःहून कलम १७ मध्ये गेलात. पोचमार्ग ज्या गटांतून जातो त्यांच्या मालकांची संमतीपत्रं त्याच सभेत घ्या आणि ठरावाला परिशिष्ट म्हणून जोडा.

---

खडी_आणि_स्लीपर

एक भर. पेटीची लांबी 'भविष्यातील तिसऱ्या मार्गासह' अशी मागू नका, खर्चाचा आकडा बघून काम मागे पडेल. फक्त एका बाजूची पंखभिंत (पेटीच्या तोंडाशी भरावाची माती धरणारी भिंत) अशी ठेवावी की पुढे पेटी वाढवता येईल, एवढं आराखडा दाखवतील तेव्हा तोंडी सांगा.